कोनाड्यातला डबा

डबा कोनाड्यात मावला पाहिजे, एवढी एकच अट मंगलाबाईने घातली होती. पुढे कितीतरी वर्षांत माणसं विसरली, खोल्या बदलल्या, सुरतेतल्या नवागामची ती गल्लीसुद्धा ओळखू येईनाशी झाली, पण आपण घातलेली ती अट तिच्या मनातून गेली नाही.

अट गैर नव्हती. खोली दहा बाय दहाची. त्यात नवरा, मुलगा आणि वैशाखात घरी आलेली नवी सून. एका भिंतीला देव्हारा, पलीकडे पाण्याच्या हंड्यांची मांडणी, आणि दोहोंच्या मधे दोन वीत रुंद, दीड वीत खोल असा एक कोनाडा. त्यात कंदील असायचा. बाकी जमीन होती ती रात्री अंथरुणांची आणि दिवसा चुलीची. त्यामुळे वाल्मिकने कॉम्प्युटर आणायचं काढलं तेव्हा ती म्हणाली, "आण बाबा, पण मला जमिनीवर काही नको. टीव्हीच्या फळीवर काय बसवायचं ते बसव, नि बाकीचं त्या कोनाड्यात."

"माय, बाजारात एवढा छोटा डबा मिळतच नाही."

"मग आणू नको."

वाल्मिक कोनाडा वितीने मोजायला लागला. बावीस वर्षांचा मुलगा, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर चलनं टाईप करायचा. कॉम्प्युटर उघडायला तो तिथल्याच एका दुरुस्तीवाल्याकडून शिकला होता. म्हणजे अर्धं बघून, अर्धं अंदाजाने. त्याला हवा होता तो गेम खेळायचा कॉम्प्युटर. स्वतः एकेक भाग निवडून जोडलेला. सगळ्या गल्लीत तेव्हा कुणाकडे साधा फोन नव्हता.

बाप निंबा मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. उधन्याच्या कारखान्यात जेकार्डच्या मागांवर ते मास्तर होते. साडीच्या काठावर मोर पाहिजे की कैरी, ते पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून ठरतं. त्या पट्ट्यांना कार्डं म्हणतात. मागाच्या सुया कार्डावर टेकतात. जिथं भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला राहतो. निंबा वीस वर्षं हेच करत होते आणि त्यांचं कार्ड चुकलं असं कुणी ऐकलं नव्हतं. मुलाने मागावर यावं असं त्यांना वाटत होतं. मुलगा म्हणाला, मी त्या धुळीत येणार नाही. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. दोन वर्षं झाली होती. लग्नातसुद्धा "त्याले सांग" आणि "आबांना विचार" यावरच अक्षता पडल्या. दोघांच्या मधे मंगलाबाई, मागाच्या धोट्यासारखी, इकडून तिकडे नि तिकडून इकडे.

एके दिवशी वाल्मिक जमिनीवर कागद पसरून बसला होता. वर नावं, पुढे बाण, फुल्या. निंबा खाटेवर पडल्या पडल्या पाहत होते. निंबाच्या बोलण्यात घरी अहिराणी यायची.

"वाल्मिकनी माय, त्याले इचार, कसानी यादी शे ही?"

"आबांना सांग माय, कॉम्प्युटरच्या भागांची आहे."

"त्याले इचार, एवढे भाग कशाला?"

मंगलाबाई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "मला नका विचारू. माझं पीठ सुकतंय. तो काय दहा कोसांवर बसलाय?"

चंचल, सून, पदरात तोंड घालून हसली. आणि कसं कोण जाणे, वाल्मिकने थेट बापाकडे पाहिलं. म्हणाला, "आबा, तुमचंच आहे हे. भोक असलं तर हो, नसलं तर नाही. कॉम्प्युटरला एवढंच कळतं."

निंबा उठून बसले. "मंजे कार्ड?"

"कार्डच. ही हार्ड डिस्क म्हणजे तुमचं गुदाम, सगळी कार्डं बांधून ठेवलेली. ही रॅम म्हणजे आत्ता मागावर टांगलेली. जेवढी जास्त टांगता येतील तेवढं चित्र न अडकता पळतं."

"आणि सुया?"

"हा प्रोसेसर."

"बत्तीसची कसाले घेस? चौसष्टची घे ना," निंबा यादीवर बोट ठेवून म्हणाले. रॅम म्हणजे काय ते त्यांना दोन मिनिटांपूर्वी कळलं होतं. "कार्डं कमी टांगली तर माग झटके मारतो."

मंगलाबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ फिरवली, कारण तिचे डोळे भरून आले होते. दोन वर्षांनी त्या खोलीत बापलेक भांडल्यासारखे बोलत होते, आणि भांडत नव्हते.

सुट्टीच्या दिवशी तिघं मजुरा गेटजवळच्या दुकानात गेली. मंगलाबाईला नेलं ते कोनाड्याचं माप तिच्या हातात होतं म्हणून. सुतळीला दोन गाठी मारून तिने ते घेतलं होतं. दुकानदार गुजराती, बोलायला गोड. वाल्मिकने एकेक भाग काउंटरवर मांडून घेतला. मदरबोर्ड लहानात लहान. पडद्यावर चित्रं उमटवणारं कार्ड त्याला हवं होतं ते लांब निघालं. सुतळीच्या गाठीबाहेर चार बोटं गेलं. ते ठेवून आखूड घेतलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. निंबाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "काठ लहान असला तरी मोर नाचतो."

मग आला पॉवर सप्लाय. घरची वीज आत घेऊन सगळ्या भागांना वाटून देणारी पत्र्याची पेटी. ती कशीही फिरवली तरी सुतळीत बसेना.

"याचा पतरा काढला तर?" निंबाने विचारलं. "आतलं तेवढं घेऊ."

दुकानदाराचा हात हवेतच थांबला. "काका, पतरा मत निकालो. अंदर खुला करंट है."

"भाई, मैं बीस साल से करंट में ही खडा हूँ."

"फिर भी. नानो डब्बो छे, हवा पण नहीं मळे. बडा कॅबिनेट ले लो ना."

वाल्मिकने आईकडे पाहिलं. एक शब्द पुरे होता. जमिनीवर ठेवा, मी चूल सरकवते, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण मंगलाबाई सुतळीकडे पाहत होती. "कोनाड्यातच," ती म्हणाली.

डबा निंबाने कारखान्यातून आणला. मागाच्या मोटारीच्या स्टार्टरचा जुना, लोखंडी, उथळ डबा, जेवणाच्या ताटाहून थोडा मोठा. झाकणाला भोकं पाडून पंखा बसवला. आत भाग असे कोंबले की बोट घालायला जागा राहिली नाही. पॉवर सप्लायचं पत्रा काढलेलं आतडं तळाशी आलं. त्याखाली काहीतरी घालायला हवं होतं, नाहीतर खालची डाखलेल्या तारांची टोकं थेट लोखंडाला लागली असती.

निंबाने खाटेखालचा गठ्ठा ओढला. जुनी कार्डं. वर्षानुवर्षं मंगलाबाईने घरी बसून असलीच कार्डं दोरीने ओवून कारखान्याला दिली होती. चांगला चिवट पुठ्ठा. त्यांनी दोन जाड कार्डं कापली आणि एकावर एक ठेवली.

"यांना भोकं आहेत की, आबा."

"म्हणून तर दोन. एकाच्या भोकावर दुसऱ्याचं भोक येऊ देऊ नको, बस. पुठ्ठ्यातून करंट जात नाही. आणि हा डबा कायम आडवा. उभा कधी करू नको. कार्डं सरकतात."

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा फळीवरच्या मॉनिटरवर उजेड आला. चंचलने टाळी वाजवली, आणि वाल्मिकने आनंदाने डब्यावर हात ठेवला तो लगेच झटकला. "मुंग्या येतायत, आबा."

"मग? अर्थिंग नको का द्यायला?" निंबा हसले. घराला वायरी दोनच होत्या, जमिनीत गेलेली तिसरी त्या चाळीत कुणाकडेच नव्हती. पण कारखान्यातली रीत त्यांना ठाऊक होती. तिथं प्रत्येक माग तारेने पाण्याच्या पाईपाला बांधलेला असे. पाईप जमिनीत जातो, वीजही जमिनीत जाते. कोनाड्याच्या बरोबर मागे नळाचा लोखंडी पाईप होता. भिंतीतून भोक पाडून त्यांनी हिरवी तार डब्यातून पाईपाला आणून घट्ट आवळली. डब्यावरच्या मुंग्या गेल्या. काम फत्ते.

त्या पाईपावर सात खोल्यांचे सात नळ होते. आणि आदल्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी पाईप सडून गळायला लागला तेव्हा सगळ्यांनी मिळून तो तेवढा तुकडा काढला होता आणि काळा प्लॅस्टिकचा घातला होता. निंबानेच उभं राहून घालून घेतला होता. चांगला टिकतो, गंजत नाही. चाळीमागचा लोखंडी पाईप तेव्हापासून विटांच्या टेकूवर नुसता आडवा पडून होता. जमिनीत तो आता कुठेच जात नव्हता. हे त्या घरात कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

नळाला पाणी सकाळी सहाला येई आणि पाऊण तासाने जाई. मागच्या बोळात सात ओटे, सात बाया. ओट्यावर चपला घालून चढायचं नाही हा सगळ्यांचा नेम होता. खानदेशातली असो की मराठवाड्यातली, पाणी म्हणजे देव; तिथं अनवाणीच. नळ रात्रीपासून उघडेच ठेवलेले असत, तोंडाला रबरी नळी लावून. पाण्याच्या आधी हवा फुसफुसली की बाया बादल्या घेऊन धावत.

शेजारच्या खोलीत इंदुबाई राहायची. लातूरकडची. नवरा श्रीरंग गवंडीकाम करी. मूलबाळ नव्हतं, आणि त्याचं दुःख तिने कधी कुणाला दिसू दिलं नाही. सकाळी सहाला साऱ्या बोळात तिचाच आवाज.

"काय गं मंगला, तुझा म्हातारा आजकाल पहाटे पहाटे घुर्रघुर्र काय करतोय? मोटार घेतली की काय?"

"गाडीचा गेम खेळतात," मंगलाबाई लाजून म्हणाली. "मुलगा संध्याकाळी खेळतो, आणि हे सकाळी कामावर जायच्या आधी."

"अगं बया! पन्नाशीला आलेला माणूस!"

खरंच होतं. निंबाला त्या गाड्यांच्या शर्यतीने झपाटलं होतं. पावणेसहाला उठून तोंड न धुता बसायचे. वाल्मिक शेजारी बसून वळणं सांगायचा. "आबा, ब्रेक! ब्रेक!" आणि दोघे हसायचे. भिंतीपलीकडे पाणी भरता भरता मंगलाबाई ते हसणं ऐकायची आणि तिला वाटायचं, घराला कुणाची दृष्ट न लागो.

ज्येष्ठ संपता संपता तिला पहिल्यांदा जाणवलं. नळ बंद करायला हात लावला आणि बोटांना मुंग्या आल्या. झोपेत हाताखाली हात आला असेल, म्हणून तिने तो झटकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मग तो कुत्रा. चाळीत भुऱ्या नावाचं एक कुत्रं होतं. मंगलाबाईच्या ओट्यालगत दगडात एक खळगा होता, नळ ठिबकून भरायचा. भुऱ्या रोज सकाळी तिथं यायचा. एके सकाळी तो आला, खळग्याशी नाक नेलं, आणि केकाटून मागे उडाला. पुन्हा त्या ओट्याकडे फिरकला नाही. बोळाच्या टोकाला उभा राहून नळाकडे पाहत राहायचा आणि शेवटी गटाराचं पाणी प्यायचा.

"तुझं पाणी कडू झालं की काय गं?" इंदुबाई म्हणाली. सगळ्या बाया हसल्या. मंगलाबाईही हसली.

त्या दिवशी तिने नवऱ्याला सांगितलं. "नळाला हात लावला की मुंग्या येतात हो."

निंबा समंजस माणूस. त्यांनी बायकोचं बोलणं उडवून लावलं नाही. गेम थांबवला, कॉम्प्युटर नीट बंद केला, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मागे येऊन उलट्या हाताने नळ चाचपला. दोनदा चाचपला. "काय व्हयनं? काहीच तर नही. देख."

तिने हात लावला. खरंच काही नव्हतं. गार लोखंड.

"वय झालं तुझं, वाल्मिकनी माय," ते प्रेमाने म्हणाले. "नसांचं दुखणं आहे."

ते आत गेले. घुर्रर्र सुरू झालं. मंगलाबाईने पुन्हा नळाला बोट लावलं, आणि मुंग्या परत आल्या.

तिने तीन दिवस पाहिलं. आत गाडी पळत असली की मुंग्या. गाडी थांबली की गार लोखंड. मग तिने वाल्मिकला एकट्याला गाठून सांगितलं.

"माय, अर्थिंग केलंय ना. अर्थिंगनेच तर धोका जातो. तू उगाच आबांच्या मनात काही भरवू नको. आत्ता कुठे..." तो थांबला.

आत्ता कुठे. तिलाही तेच वाटत होतं. त्याच दुपारी चंचल तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आत्याबाई, मी आले तेव्हा वाटलं, या घरात कुणी वारलं की काय. आता घर घर वाटतं." मंगलाबाईने जिभेवर आलेलं गिळलं.

गिळलं, पण भीती गिळता येईना. तिने आपल्यापुरता उपाय काढला. चंचलला म्हणाली, पाणी मी भरत जाईन, तू कणीक बघ. आणि स्वतः ओट्यावर लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहू लागली. कारखान्यात वायरमन लाकडावर उभा राहून काम करतो, एवढं तिला माहीत होतं. पाटावर उभं राहिलं की मुंग्या येत नव्हत्या.

इंदुबाईला तर आयतंच सापडलं. "अगं, पाटावर उभी राहून पाणी भरतेस! लग्न लागतंय का दुसऱ्यांदा? अंतरपाट धरू?"

"टाचा दुखतात गं माझ्या. गारठा चढतो."

हे ती खोटं बोलली. खरं सांगितलं असतं तर बाई सात घरांत बोलली असती, निंबाच्या कानावर गेलं असतं, आणि वीस वर्षांत न चुकलेला मास्तर सगळ्या बोळासमोर चुकला असता. मग पुन्हा ते मुकेपण. मंगलाबाईने हिशेब केला तो तिच्या घरातल्या चार माणसांचा. पलीकडच्या ओट्यांवर सहा बाया अनवाणी उभ्या होत्या, त्या तिच्या हिशेबात आल्याच नाहीत.

श्रावण लागला. भिंतींना ओल आली. हंड्यांची मांडणी कोनाड्याला लागूनच होती. कोनाड्यात हात घातला की चुना बोटांना चिकटायचा. डब्यातला पुठ्ठाही ओल पीत असणार. पाटावरून पाय ओट्याला टेकला की मुंग्यांच्या जागी आता गांधीलमाशी डसल्यासारखं व्हायचं. नळ्या रबरी, बादल्या प्लॅस्टिकच्या, नळाला हात लावायची वेळ क्वचित यायची, म्हणून पलीकडे कुणी बोललं नाही. एकदा दोघी बाया म्हणाल्या, नळ चावतोय. इंदुबाई म्हणाली, "श्रावणातला उपास सोसवेना त्याला."

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसायची होती. खानदेशातून माणूस सुरतला आलं तरी कानबाई मागे राहत नाही. चौरंगावर नारळाची देवी, तिला नथ, साडी, रोटाचा नैवेद्य. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की घरात नवी सून आली असेल तर पहिल्या वर्षी कानबाईचं पाणी तिनेच भरायचं. न्हाऊन, ओल्या केसांनी, पितळी कळशीत. रबरी नळीतून नव्हे, थेट नळाखाली कळशी धरून.

शनिवारी दुपारी खोली धुऊन काढली. कोनाड्यात समई ठेवायची होती.

"डबा थोडा सरकव रे," मंगलाबाई म्हणाली.

निंबा नारळाला नथ बसवत होते. वाल्मिकने डबा बाहेर ओढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि कडेवर उभा करून कोनाड्याच्या कोपऱ्यात टेकवला. समईला जागा झाली.

तेवढ्यात मंगलाबाईने आवाज ऐकला. अगदी बारीक. सर्र. कार्डावरून कार्ड घसरल्याचा. हजारो कार्डं ओवलेल्या बाईला तो आवाज दुसरा कशाचा वाटणं शक्य नव्हतं. ती वळली. उभा कधी करू नको, असं निंबाने तिच्यासमोरच म्हटलं होतं.

"वाल्मिक..."

"आबा, नथ उलटी लावली तुम्ही!" वाल्मिक ओरडला. "कानबाई नाकातून शिंकेल!" निंबा खो खो हसले, चंचल हसली, आणि मंगलाबाईचा आवाज त्या हसण्यात बुडाला. नंतर सांगू, असं तिने ठरवलं. पाहुणे आले, रोटाचे गहू दळायचे होते, कॉम्प्युटर काही कुणी लावला नाही. नंतर राहून गेलं.

रविवारी पहाट ढगाळ होती. पावणेसहाला ती मागे गेली. नळाची रबरी नळी काढून ठेवली, पाट मांडला. बोळाच्या टोकाला भुऱ्या उभा होता. शेपटी पायांत, अंग थरथरतंय. रोज तो नुसता पाहायचा. आज रडत होता.

चंचल आली. हिरवी साडी, केसांतून पाणी निथळतंय, पाय उघडे, हातात चकचकीत कळशी. नळ फुसफुसला. आणि आतून घुर्रर्र सुरू झालं. सणाचा दिवस म्हणून आज सुटेल असं मंगलाबाईला वाटलं होतं.

"थांब," ती म्हणाली. पाटावर उभं राहून तिने बोटाची पाठ नळाला नुसती टेकवली.

पाट ओला होता. हात खांद्यापर्यंत फेकला गेला, दातांवर दात आपटले. क्षणभर तिला काही दिसेना.

"आत्याबाई!"

"नळाला हात लावू नको. अजिबात. मी आले."

ती आत धावली. मॉनिटरवर लाल गाडी पळत होती. वाल्मिकचा हात बापाच्या खांद्यावर होता.

"बंद करा ते."

"हाऊ शेवटला फेरा," निंबा मान न वळवता म्हणाले. "पयला नंबर येस आते, वाल्मिकनी माय. एक मिनिट."

"आबा, डावीकडे! डावीकडे!"

वायर तिच्या हाताच्या अंतरावर होती. ओढायची फक्त. पण ओढली असती तर पहिला नंबर गेला असता, निंबा चिडले असते, वाल्मिक म्हणाला असता, माय तुझं काहीतरीच. सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर. एक मिनिट तर आहे, असं तिला वाटलं. चंचल काही नळाला हात लावणार नाही. ती थांबली. तव्यावर पोळीची एक बाजू होईल, तेवढीच थांबली.

बाहेरून इंदुबाईचा आवाज आला. "अगं नवरी, उभी काय राहिलीस कळशी धरून? पाणी जाईल की!"

"मावशी, आत्याबाई म्हणाल्या नळाला हात लावू नको."

"तुझ्या सासूला पाटाशिवाय पाणी भरता येत नाही, तू कुठं तिचं ऐकतेस! आण इकडं. तू फक्त आत ने, कानबाईला काय कळतंय."

मंगलाबाईने तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत कळशी नळावर आपटल्याचा खणकन आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. किंकाळीसुद्धा नाही. मग चंचल ओरडली.

वायर तिने ओढली तेव्हा लाल गाडी रेषेवर होती. पडदा काळा झाला. बाहेर कळशी ओट्यावर आडवी पडली होती, पाणी तिच्यावरून वाहत होतं, आणि इंदुबाई त्या पाण्यात हात पुढे करून पडली होती, काहीतरी द्यायला निघाल्यासारखी.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. बोळातल्या बाया म्हणाल्या, कानबाईचा कोप. नव्या सुनेचं पाणी परक्या बाईने भरायला घेतलं. चंचल दोन दिवस जेवली नाही. तिला वाटत होतं, कळशी आपण दिली.

इंदुबाई गेली त्याच दुपारी, सगळे स्मशानात गेलेले असताना, निंबा मागे फिरून घरी आले होते. दार लोटून त्यांनी डबा उघडला. मंगलाबाई पाहत होती. दोन कार्डांतलं वरचं दोन बोटं खाली सरकलं होतं. भोकावर भोक नेमकं बसलं होतं, आणि एका भोकाच्या कडेला तपकिरी जळका गोल होता. त्यातून एक टोक लोखंडाला टेकलं होतं. निंबा बराच वेळ त्या गोलावर बोट फिरवत राहिले. मग मागे जाऊन हिरवी तार सोडली, गुंडाळी करून खिशात घातली, डबा पोत्यात बांधून खाटेखाली ढकलला.

"कोणाले काही बोलू नको," ते म्हणाले. तिच्याकडे पाहत नव्हते. "गेलेलं माणूस येत नही."

घर पुन्हा मुकं झालं. या वेळी कोणी कोणावर रागावलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी श्रीरंग आला. दाढी वाढलेली, हातात पितळी कळशी. गडबडीत ती त्याच्या घरी गेली होती. त्याने ती घासून, लख्ख करून आणली होती. उंबऱ्यापाशी ठेवली.

"वहिनी, ही तुमची." तो उभाच राहिला. "लोक काय काय बोलतात. देवीचा कोप म्हणतात. इंदीने देवाचं कधी वाईट केलं नाही हो. तुम्ही तिथंच होता. काय झालं, मला सांगता?"

निंबा खाटेवर बसले होते. त्यांची नजर जमिनीवर खिळली. वाल्मिकने आईकडे पाहिलं. दुकानात पाहिलं होतं तसंच, एका शब्दासाठी. चंचल चुलीपाशी गुडघ्यांत मान घालून होती.

मंगलाबाई उठली. भिंतीला टेकवलेला पाट तिने घेतला आणि श्रीरंगसमोर जमिनीवर ठेवला.

"भाऊ, या पाटाला ती रोज हसायची," ती म्हणाली. "मी हा कशाला घेत होते, ते सांगते. बसा."